उताराची सायकल आणि पुढचा शॉकअप

डोंगर उतरणाऱ्या सायकलीच्या पुढच्या शॉकअपबद्दल, म्हणजे दबणाऱ्या फोर्कबद्दल, चार स्वारांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. एकाला तो फोर्क बसवल्यापासून हात दुखायचे थांबलेले असतात. दुसऱ्याला तोच फोर्क इतका कडक वाटतो की काही बसवलंय असंच वाटत नाही. तिसरा म्हणतो, पहिला पावसाळा मस्त गेला, दुसऱ्यात तेल गळायला लागलं. चौथ्याने तो विकून साधा, न दबणारा चिमटा बसवलेला असतो आणि तो सुखात असतो. यातलं कोणीच खोटं बोलत नाही. एकाच वस्तूबद्दल इतके उलटसुलट अनुभव का येतात, जाणकारांमध्ये कोणत्या बाजू पडल्या आहेत आणि आपल्या मातीत त्यातलं काय लागू पडतं, याचा हा आढावा.

हे मी वारंगा फाट्यावरून लिहितो आहे. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग आणि तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ करत नागपूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथे एकत्र येतात. स्पर्धेचा उतार इथे नाही. पण शॉकअपच्या सायकली फाट्यावर रोज दिसतात. आठवी-नववीची पोरं आखाडा बाळापूरच्या बाजूने, डोंगरकड्याच्या बाजूने त्यावरून येतात. सह्याद्रीत लाखाची सायकल उतरवणारा आणि इथला शाळकरी मुलगा यांच्या पुढच्या चाकावर मूळ कल्पना एकच आहे. म्हणून दोघांचाही विचार एकत्र करणं मला गरजेचं वाटतं.

वाद कुठून सुरू झाला

डोंगर उतरण्याची हौस शॉकअपच्या आधीची आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या तेव्हा सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि पूर्ण कडक होत्या. मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस उतारावर जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून उताराला ते नाव पडलं. त्या काळात हादरे सोसण्याचं काम टायर, कोपर आणि गुडघेच करत.

१९८९ मध्ये पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सने आरएस-१ हा फोर्क बाजारात आणला. तो जेमतेम ४८ मिमी दबायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत दुरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी रॉकशॉक्स लावलेल्या सायकलवर जिंकली. तोवर शॉकअप म्हणजे वजन वाढवणारं खेळणं, असं मानणारे पुष्कळ होते. त्या निकालानंतर त्यांचा आवाज कमी झाला, बंद मात्र झाला नाही.

या क्षेत्रातली महत्त्वाची माणसं आणि कंपन्या बहुतेक मोटरसायकलच्या दुनियेतून आल्या. टर्नर स्वतः मोटरसायकलचे मेकॅनिक. इटलीची मार्झोकी, अमेरिकेची फॉक्स, स्वीडनची ओहलिन्स या तिघींचा पाया मोटरसायकलचा. १९९७ च्या सुमारास मार्झोकीचा बॉम्बर झेड-१ आला. आत पोलादी स्प्रिंग आणि भरपूर मोकळं तेल. तो जड होता, पण सरकायचा अलगद आणि बरीच हेळसांड सोसायचा. त्या पिढीचे स्वार आजही त्याचं नाव आदराने घेतात. १९९८ च्या आसपास रॉकशॉक्सचा बॉक्सर आला. त्यात मोटरसायकलसारखे दोन क्राउन, म्हणजे दोन्ही नळ्यांना जोडणारे आडवे भाग, होते. एक हेड ट्यूबच्या खाली आणि एक वर. २००५ मध्ये फॉक्सचा ४० आला. त्याच्या वरच्या नळ्या ४० मिमी जाडीच्या आणि तो २०३ मिमी दबायचा. उताराच्या सायकलीला पुढे साधारण २०० मिमी हालचाल हवी, हे तेव्हा ठरलं आणि आजही ते तसंच आहे. बॉक्सरच्या नळ्या पुढे ३५ मिमीच्या झाल्या आणि २०२३ मध्ये ३८ च्या. दबण्याची लांबी थांबली, जाडी वाढत राहिली.

आत काय चालतं

पुढचे वाद समजायचे तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली स्प्रिंग, म्हणजे वजन पेलणारी आणि दबून परत येणारी वस्तू. ती पोलादाची असते किंवा कोंडलेली हवा. दुसरी डॅम्पिंग, म्हणजे दबण्याचा आणि परत येण्याचा वेग आवरणारी तेलाची यंत्रणा. तेल बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांच्या फटीतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जाते. नुसती स्प्रिंग असलेला शॉकअप धक्का घेतो आणि तेवढ्याच जोराने परत फेकतो.

स्वार सायकलवर नुसता उभा राहिला की फोर्क थोडा बसतो. त्याला सॅग म्हणतात. उताराच्या फोर्कमध्ये तो साधारण १५ ते २५ टक्के धरतात. २०० मिमीच्या फोर्कमध्ये २० टक्के म्हणजे ४० मिमी. चाक खड्ड्यात उतरताना जमिनीला चिकटून राहावं, म्हणून ही जागा लागते.

परत येण्याच्या वेगाला रिबाउंड म्हणतात आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. रिबाउंड फार मंद ठेवला तर पहिल्या दगडानंतर फोर्क पूर्ण उघडायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. फोर्क प्रत्येक धक्क्याला थोडा अधिक खाली अडकत जातो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. स्वाराला वाटतं शॉकअप कडक आहे. तो हवा कमी करतो आणि अडचण वाढते. एकाच फोर्कबद्दलच्या दोन टोकाच्या तक्रारींमागे अनेकदा हा एक स्क्रू असतो.

हवा की पोलादी स्प्रिंग

सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद हा.

स्प्रिंगच्या बाजूचे म्हणतात की पोलादाला हवा अडवणाऱ्या घट्ट सीलची गरज नाही, म्हणून घर्षण कमी. बारीक खडीवरून जाताना फोर्क लगेच हलायला लागतो, हाताला कंप कमी पोचतो, लांब उतारावर मनगट आणि कोपराखालचा भाग आखडत नाही. शिवाय स्प्रिंगचं वागणं सकाळी जसं तसंच दुपारी. हवेचा फोर्क वापरणारे काही स्वार नंतर स्प्रिंगचा संच बाहेरून घेऊन बसवतात. कॅनडातली वोर्सप्रंग ही कंपनी अशा संचांसाठी ओळखली जाते.

हवेच्या बाजूचं म्हणणंही भक्कम आहे. वजन कमी होतं. छोट्या पंपाने दाब बदलला की स्वाराच्या वजनाला बसणारा फोर्क तयार. हवा जितकी दाबावी तितकी अधिक कडक होत जाते, त्यामुळे मोठ्या उडीच्या शेवटी फोर्क तळाला आदळत नाही. ही शेवटची कडकी आत प्लास्टिकचे तुकडे घालून किंवा काढून कमी-जास्त करता येते. जागतिक स्पर्धांच्या महागड्या फोर्कमध्ये आज हवेचंच चलन अधिक आहे आणि घर्षणाची जुनी तक्रार नव्या सीलमुळे बरीच कमी झाली आहे.

आपल्याकडे या वादाला दोन अंगं आणखी आहेत. एक म्हणजे वजन. पोलादी स्प्रिंगचा फोर्क कारखान्यातून मधल्या ताकदीची स्प्रिंग घेऊन येतो. ती पाश्चात्त्य सरासरी स्वाराच्या मानाने मधली असते. पंचावन्न-साठ किलोच्या मुलाला ती कडक पडते, हलकी स्प्रिंग वेगळी मागवावी लागते आणि ती येईपर्यंत हंगाम संपतो. प्रीलोडचं गोल बटण फिरवून स्प्रिंग मऊ होईल अशी समजूत आहे, पण त्याने फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. स्प्रिंगची मूळ ताकद तीच राहते.

दुसरं अंग उन्हाचं. पहाटे २० अंशांत ८० पीएसआय भरलेला फोर्क दुपारी ४४ अंशांत ८७-८८ पीएसआयपर्यंत चढतो. कोंडलेल्या वायूचा साधा नियम आहे हा. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हा फरक रोजचा. सकाळी जमलेला फोर्क दुपारी "अचानक कडक झाला" असं सांगणाऱ्याला भास झालेला नसतो. तसाच प्रकार उंचीचा. पुण्याहून हिमाचलात सायकल नेली की बाहेरचा दाब कमी होतो आणि खालच्या पायांत, म्हणजे चाकाकडच्या जाड नळ्यांत, अडकलेली हवा फोर्कला दबू देत नाही. फॉक्सच्या अलीकडच्या मोठ्या फोर्कवर ती सोडायला मागच्या बाजूला छोटी बटणं असतात. ज्यांना ती ठाऊक नाहीत ते मनालीत पोचल्यावर उगाच सेटिंग बदलत बसतात.

माझं मत विचाराल तर हलक्या स्वाराने, जवळपास दुकान नसलेल्याने हवेचा फोर्क घ्यावा आणि पंप कायम पिशवीत ठेवावा. पण लांब, खडबडीत उतारावर रोज उतरणाऱ्या जड अंगाच्या स्वाराला स्प्रिंग अधिक सुख देते, हा अनुभव इतक्या जणांकडून येतो की तो बाजूला सारता येत नाही.

किती हालचाल, किती क्राउन

दोन क्राउनचा फोर्क वळणात आणि ब्रेक लावताना कमी लवतो. चाक ठरवलेल्या रेषेवर राहतं. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि हँडल कमी वळण्यात. २०२० साली फॉक्सने ३८ आणि रॉकशॉक्सने झेब हे ३८ मिमी नळ्यांचे एका क्राउनचे फोर्क आणले, तेव्हापासून दोन क्राउन खरंच कोणाला लागतात हा प्रश्न नव्याने पुढे आला. स्पर्धक म्हणतात, वेळ सेकंदाच्या अंशात मोजली जाते तिथे लागतात. हौशी स्वारांमध्ये मतं विभागलेली आहेत.

महाराष्ट्रात हा प्रश्न भूगोलाने बराचसा सोडवला आहे. युरोपात उताराच्या सायकली रोपवेच्या पाळण्यातून वर जातात. आपल्याकडे वर नेणारा पाळणा नाही. वेताळ टेकडी असो, पाषाण-सूसची टेकडी असो, नाहीतर सिंहगडाची बाजू, वर जायचं तर पेडल मारत किंवा सायकल ढकलत. फारतर मित्रमंडळींनी टेम्पो केलेला. १६-१७ किलोची, २०० मिमीची सायकल घेऊन हे रोज होत नाही. म्हणून पुण्यात खऱ्या अर्थाने जी संस्कृती रुजली ती मागे कडक, पुढे १२० ते १५० मिमी शॉकअप अशा दणकट हार्डटेलची. पुण्यातल्या सायनाइड बाइक्सने याच विचाराने फ्युरान नावाची सायकल काढली. या मंडळींपैकी विनय मेनन यांनी भारतात फ्रीराइड, म्हणजे उड्या-कसरतींची मोकळी स्वारी, लोकांपर्यंत पोचवण्यात मोठा वाटा उचलला.

हार्डटेलचा एक स्वभाव मात्र ओळखून घ्यावा लागतो. फक्त पुढचं टोक बसत असल्यामुळे फोर्क दबला की सायकल पुढे झुकते आणि हेड ट्यूबचा कोन उभा होतो. तीव्र उतारावर, नेमकं नको तिथे, हँडल चंचल होतं. त्यामुळे हार्डटेलवर फार लांब आणि फार मऊ फोर्क बसवणाऱ्यांचा अनुभव वाईट येतो आणि दोष फोर्कच्या माथी जातो. सॅग थोडा कमी, मधल्या टप्प्यात आधार जास्त, असं बहुतेक अनुभवी हार्डटेलवाले सांगतात. मला ते पटतं.

जमिनीचाही फरक पडतो. सह्याद्रीच्या बेसाल्टच्या पायऱ्या चौकोनी कडांच्या. त्या अंगावर येतात तेव्हा तेलाने वेगाने वाट द्यावी लागते. उन्हाळ्यात त्याच वाटेवर मुरमाची गोळ्यांसारखी खडी पसरते आणि तिथे कंपच जास्त असतो. कोकणच्या बाजूला जांभ्याचे खरबरीत सडे. एका सेटिंगमध्ये हे सगळं बसत नाही. पुण्याचा स्वार आणि सिंधुदुर्गाचा स्वार एकाच फोर्कवर भांडतात तेव्हा ते खरं तर दोन दगडांबद्दल भांडत असतात.

सील, तेल आणि धूळ

सर्वांत कमी चर्चा होते ती या गोष्टीची आणि माझ्या मते अनुभव चांगला की वाईट हे सर्वाधिक हीच ठरवते. रॉकशॉक्स खालच्या पायांची सफाई आणि तेलबदल ५० तासांनी सांगतं. फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. शनिवार-रविवार तीन-तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांत भरतात. तेवढ्यात फोर्क उघडणारा स्वार मला क्वचितच भेटतो.

न उघडल्यावर आत काय होतं, हे फाट्यावरच्या सायकल दुकानात पाहायला मिळालं. एक बऱ्यापैकी हवेचा फोर्क, कोणाच्या तरी भावाने पुण्याहून आणलेला, "बसला" म्हणून आला होता. मिस्त्रीने रबरी हातोडीने खालचे बोल्ट सैल करून पाय ओढले. तेल यायला हवं होतं तिथून करड्या रंगाचं दाट पाणी आलं. सीलखालची फोमची कडी वाळून काळी पडली होती. वरच्या नळीवर मागच्या बाजूने, नेमकं सीलच्या उंचीवर, नखाला लागेल इतका ओरखडा. बेसाल्टची बारीक धूळ सीलच्या ओठाशी तेलात मिसळते आणि प्रत्येक दाबाला नळी घासत राहते. नळीचा वरचा थर एकदा गेला की नवं सील घालूनही गळती थांबत नाही. मिस्त्रीने मोटरसायकलच्या फोर्कचं तेल टाकून तो चालू करून दिला. तो चाललाही. पण त्या नळीला नवा जन्म मिळणार नव्हता.

काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात ती चाकाला थापली जाते, फोर्कच्या कमानीखाली गच्च बसते आणि चाकच फिरेनासं होतं. स्वार उतरून काठीने खरवडतो आणि घरी येऊन गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाखाली सायकल धरतो. तेच पाणी सीलच्या आत शिरतं. साधी बादली आणि फडकं पुरतं, असं सांगणाऱ्या जुन्या स्वारांशी मी पूर्ण सहमत आहे.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. काही जण म्हणतात, ५० तासांचं वेळापत्रक हे सुटे भाग खपवण्यासाठी आहे. आम्ही दोन वर्षं न उघडता चालवला, काही झालं नाही. कोरड्या, कमी धुळीच्या रस्त्यावर ते खरंही असतं. पण वेळापत्रक सरासरीसाठी आहे आणि आपली धूळ सरासरीची नाही.

शाळेच्या सायकलीचा शॉकअप

आता दुसरं टोक. आठ-दहा हजारांच्या सायकलीच्या पुढच्या शॉकअपमध्ये बहुधा स्प्रिंग, प्लास्टिकचे बुश आणि ग्रीस एवढंच असतं; वेग आवरणारं तेल नसतं. एसआर सनटूरच्या एक्ससीटीसारखा ओळखीचा, १०० मिमीचा स्वस्त फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. जगज्जेत्यांच्या बॉक्सरचं वजन पावणेतीन किलोच्या जवळ, आणि तो दुप्पट दबतो. स्वस्त शॉकअपमध्ये वजन पूर्ण येतं, काम अर्धंमुर्धं, हा या बाजूच्या टीकाकारांचा मुख्य मुद्दा. तेवढ्याच पैशांत कडक चिमटा, बरे ब्रेक आणि जाड टायर मिळाले तर स्वार अधिक सुखी होईल, असं ते म्हणतात.

पोरांचा अनुभव याला पूर्ण दुजोरा देत नाही. खड्ड्यात चाक गेलं तर मनगटाला बसणारा एकच मोठा झटका तोही शॉकअप कमी करतो. नवा असताना तरी. वर्षभराने गंज धरून तो घट्ट बसतो, तेव्हा तो जड चिमटा होऊन राहतो. आणि सायकल दिसते कशी, याला तेरा वर्षांच्या मुलाच्या लेखी किंमत आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. आवडलेली सायकल रोज बाहेर निघते.

मानव विकास कार्यक्रमाच्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. हिंगोली त्या जिल्ह्यांत आहे. मदतीची रक्कम ३,५०० वरून पुढे ५,००० झाली आणि ती थेट खात्यात येते. म्हणजे कोणती सायकल घ्यायची हे दुकानात उभं राहून मुलगी आणि तिचे वडील ठरवतात. या रकमेत वर थोडे घालून शॉकअपची घ्यावी की बिनशॉकअपची मजबूत, हा प्रश्न मला सह्याद्रीतल्या कुठल्याही उतारापेक्षा मोठा वाटतो, कारण तो रोज सकाळी हजारो घरांतून निघतो. माझा कल बिनशॉकअपकडे आहे: जाड टायर, हवा थोडी कमी, ब्रेक चांगले. पण खडीच्या कच्च्या वाटेने रोज पाच किलोमीटर येणाऱ्या मुलीचं मत माझ्याहून वेगळं असेल, तर तिचं ऐकावं.

काय बाकी आहे

सायकलींसाठीचं आयएसओ ४२१० हे मानक फोर्क तुटतो की नाही ते तपासतं. तो स्वाराला किती आराम देतो, किती महिने देतो, हे त्यात मोजलं जात नाही. त्यामुळे दोन फोर्कची तुलना आजही स्वारांच्या सांगण्यावर चालते आणि त्यात वजन, वेग, वाट, सेटिंग, सर्व्हिस सगळं मिसळलेलं असतं. हवेच्या फोर्कला लावून दाबातले बदल नोंदवणारं शॉकविझसारखं छोटं यंत्र आलं आहे. मोठ्या संघांकडे त्याहून पुष्कळ अधिक अचूक साधनं आहेत. पण आकड्यांनी उत्तम ठरलेली सेटिंग स्वाराला घाबरवते, असं होतं. तेव्हा आकडा खरा मानायचा की हात, यावर प्रशिक्षकांमध्ये एकमत नाही. फोर्क उलटा करून जाड नळ्या वर आणि बारीक खाली ठेवण्याची मोटरसायकलची रीत सायकलवरही आली; मॅनिटूचा डोराडो हे तिचं ओळखीचं उदाहरण. सील तेलात राहतं हा तिचा फायदा सगळे मान्य करतात. चाक पिळवटतं ही जुनी तक्रार नव्या रचनांत कितपत गेली, यावर वाद चालू आहे.

२०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. भारतात ती पहिल्यांदाच होत होती. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सायकलींवरचं आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. या दोन्ही गोष्टींचा एकत्र परिणाम चांगल्या फोर्कच्या सायकलींच्या दुकानातल्या किमतीवर किती होतो, ते एक-दोन हंगामांत दिसेल.

मला मात्र लहान वस्तूंची जास्त काळजी आहे. मोटरसायकलच्या फोर्कचं ऑइल सील कळमनुरीत, बाळापुरात, कुठल्याही तालुक्याच्या पार्टच्या दुकानात मागितलं की मिळतं, आणि ते बसवणारा हातही तिथेच असतो. सायकलच्या फोर्कचं सील पुण्या-मुंबईहून किंवा बंगळुरूहून मागवावं लागतं, मॉडेल आणि वर्ष बरोबर सांगितलं तरच योग्य येतं. ज्या मिस्त्रीने तो फोर्क माझ्यासमोर उघडला, त्याला काम जमत होतं. त्याच्याकडे ३२ आणि ३५ मिमीची सीलं, पाच-दहा मिली तेल मोजायची सिरिंज आणि फोमच्या चार कड्या नव्हत्या. वितरकांनी या तीन वस्तू तालुक्यापर्यंत आणाव्यात की स्वारांनी मिळून एक संच दुकानात ठेवावा, यावर अजून कोणी काही ठरवलेलं नाही.